मुलांमधला लघवीचा रिफ्लक्स: किडनीची वाढ खरंच खुंटते का, आणि लक्ष कशावर ठेवायचं?

मार्कंडेयकाठ

रिफ्लक्स म्हणजे पिशवीतली लघवी उलटी किडनीकडे चढणं. सोनोग्राफीत 'उजवी किडनी लहान' असं येतं, एमसीयूवर (नळीने पिशवी भरून लघवी करतानाचा एक्स-रे) ग्रेड ३ किंवा ४ (१ हलका, ५ सगळ्यांत मोठा) लिहून मिळतं, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे आईबाप फाईल घेऊन बेळगाव, मिरज, कोल्हापूर असे फिरायला लागतात. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, ग्रेड किती. ग्रेडला महत्त्व आहेच. पण किडनी पुढे कशी वाढेल हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी ग्रेडबाहेरच्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या घरच्यांच्या हातात असतात. त्या इथे नीट लिहून ठेवू.

आधी रचना. किडनीतून लघवी आणणारी मूत्रवाहिनी लघवीच्या पिशवीच्या भिंतीत सरळ शिरत नाही. ती तिरपी घुसते, अस्तराखालून थोडं अंतर जाते आणि मग उघडते. पिशवी भरली की तो भाग दाबला जाऊन वाट बंद होते. या बोगद्याची लांबी वाहिनीच्या व्यासाच्या पाचपट असली की झडप चांगली चालते. तो जन्मतः आखूड असेल तर लघवी करताना, कधी पिशवी भरत असतानाच, लघवी उलटी वर चढते. मूल वाढतं तसा बोगदाही लांबतो. म्हणून ग्रेड १-२ चे बहुतेक रिफ्लक्स पाचेक वर्षांत आपोआप थांबतात, ग्रेड ३ चे साधारण निम्मे, ४-५ चे मात्र बरेच कमी.

आता वाढ. नेफ्रॉन म्हणजे किडनीच्या सूक्ष्म गाळण्या. गर्भाच्या ३६व्या आठवड्यापर्यंत जेवढ्या व्हायच्या तेवढ्या होतात, त्यानंतर एकही नवी बनत नाही. पुढे किडनी मोठी होते ती आहेत त्याच गाळण्या मोठ्या होऊन. त्यामुळे लहान किडनीची कारणं मुख्यतः दोन. एक, ती पोटातच कमी घडलेली असते. हे जास्त करून मुलग्यांत, ग्रेड ४-५ बरोबर दिसतं आणि गरोदरपणाच्या सोनोग्राफीत सूज म्हणून आधीच कळलेलं असतं. दोन, जन्मानंतर तापाच्या संसर्गाने, म्हणजे ताप आणणाऱ्या लघवीच्या संसर्गाने, भाग जळून व्रण पडलेला असतो. पहिलं आपल्याला बदलता येत नाही. दुसरं बऱ्याच अंशी टाळता येतं.

व्रण बहुधा किडनीच्या वरच्या आणि खालच्या टोकालाच का पडतो, तेही समजून घ्या. किडनीच्या आत लघवी ज्या उंचवट्यांवरून ठिबकते ते पॅपिला. मधल्या भागात त्यांची छिद्रं तिरक्या फटींसारखी असतात, खालून दाब आला की मिटतात. दोन्ही टोकांना दोन-तीन पॅपिला एकत्र जुळलेल्या असतात, त्यांची छिद्रं गोल आणि उघडी. तिथून जंतू असलेली लघवी थेट किडनीच्या गाभ्यात घुसते. तिथे सूज येते, आणि ती भरताना आकसलेला व्रण उरतो.

निर्जंतुक लघवी कमी दाबाने वर-खाली होत राहिली तर किडनी सहसा बिघडत नाही. जंतू आणि दाब एकत्र आले की बिघडते. पुढचं सगळं याच वाक्याभोवती आहे.

हिडकल_२२

डॉक्टर, एक नेमका प्रश्न. चार वर्षांची मुलगी. ताप असताना केलेल्या सोनोग्राफीत उजवी किडनी ७.० सेमी होती. चार महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी केली तर उजवी ६.६, डावी ८.१. म्हणजे उजवी आटत चालली का?

छायाकक्ष

रेडिओलॉजीच्या बाजूने मी सांगतो. या दोन आकड्यांवरून 'आटली' म्हणता येणार नाही.

तापात किडनी सुजलेली असते, लांबी जास्तच भरते. सूज उतरल्यावर मोजली की कमी झाल्यासारखी दिसते. शिवाय मशीन वेगळं, हात वेगळा, मूल रडत असलं तर श्वास वेगळा. एवढ्याने अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे सहज होतो. म्हणून वाढ बघायची तर संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर, शक्यतो एकाच केंद्रात, दर वर्षी. दोन्ही किडन्या उताण्या आणि कुशीवर अशा मोजून प्रत्येकीची सगळ्यांत मोठी लांबी लिहायला सांगा.

अंदाजासाठी ठोकताळा: जन्मतः साडेचार ते पाच सेमी, वर्षाला सहा ते साडेसहा, पाचव्या वर्षी आठच्या आसपास, दहाव्या वर्षी नऊ ते साडेनऊ. डावी बहुधा किंचित मोठी असते. दोघींत एक सेमीहून जास्त फरक असेल तर मात्र कारण शोधायचं. तुमच्या उदाहरणात फरक दीड सेमीचा आहे आणि डावी वयाच्या मानाने भरलेली आहे, म्हणजे ती जादा काम उचलत असावी. उजवीत व्रण आहेत का, हे सोनोग्राफी खात्रीने सांगत नाही. त्यासाठी डीएमएसए स्कॅन, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून घेतलेलं किडनीचं चित्र.

आणि एका आकड्यावर जाऊ नका. उजवी वर्षभरात स्वतःच्या मापाने वाढली का ते बघा. लहान किडनी लहान राहूनही शेजारणीला समांतर वाढत असेल तर ते चांगलंच लक्षण आहे. दोन वर्षं जागच्या जागी थांबली, किंवा डावी फुगत गेली आणि उजवी नाही, तर काळजीचं.

मार्कंडेयकाठ

छायाकक्षांनी मुद्द्याचं सांगितलं. एक भर. ऑपरेशन केलं की किडनीची वाढ सुधारते असा समज पसरलेला आहे. आंतरराष्ट्रीय रिफ्लक्स अभ्यासात मोठ्या ग्रेडच्या मुलांचे दोन गट केले होते, एकाला ऑपरेशन, दुसऱ्याला संसर्ग टाळायला रोजचं अँटिबायोटिक. पाच आणि दहा वर्षांनी किडनीची वाढ आणि नवे व्रण दोन्ही गटांत सारखेच निघाले. ऑपरेशनने तापाचे संसर्ग कमी होतात, हा त्याचा खरा फायदा. गेलेला भाग त्याने परत येत नाही.

तवंदी_घाट

डीएमएसए कधी करायचं? काही ठिकाणी तापातच सांगतात, काही ठिकाणी सहा महिन्यांनी.

छायाकक्ष

दोन्ही वेळा वेगळ्या प्रश्नांसाठी. तापात केलं तर किडनीपर्यंत संसर्ग पोचला का ते कळतं, पण तेव्हा दिसणारे डाग तात्पुरतेही असतात. कायमचा व्रण ठरवायचा तर संसर्गानंतर ४ ते ६ महिने थांबावं लागतं. इंजेक्शननंतर दोन ते चार तासांनी फोटो घेतात, तेव्हा मधल्या वेळेसाठी दूध, डबा आणि लंगोट बरोबर ठेवा. ही सोय तालुक्याच्या गावी नसते. किरणोत्सर्गी औषध ठरावीक दिवशीच तयार होतं, त्यामुळे निघण्याआधी केंद्रावर फोन करून वार विचारा.

रिपोर्टमध्ये दोन्ही किडन्यांच्या कामाची वाटणी येते. ४५ ते ५५ टक्के ठीक. पण दोन्हीकडे व्रण असतील तरी वाटणी ५०-५० येऊ शकते! म्हणून नुसता टक्का वाचू नका, चित्रातले खड्डे बघा आणि रक्तातलं क्रिएटिनिनही (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) बघा. 'ईसी' किंवा 'डीटीपीए' नावाचं स्कॅन वेगळं. ते अडथळा आणि निचरा दाखवतं, व्रण शोधायला ते डीएमएसएची जागा घेत नाही.

एमसीयूचंही इथेच लिहितो, कारण तिथे चुका फार होतात. आधीचा संसर्ग बरा झालेला हवा आणि प्रतिजैविकाचं संरक्षण डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावं. पातळ नळी, ६ किंवा ८ फ्रेंचची (नळीच्या जाडीचं माप), जेली लावून घालतात. एक्स-रेत दिसणारं औषध उंच टांगलेल्या बाटलीतून धारेने सोडायचं, सिरिंजने ढकलायचं नाही, नाहीतर खोटा दाब तयार होतो. दोन वर्षांवरच्या मुलाच्या पिशवीची क्षमता काढायची: वयात दोन मिळवा, ३० ने गुणा. तीन वर्षांच्या मुलाची १५० मिली. साठ मिलीवर थांबून 'रिफ्लक्स नाही' म्हटलं तर त्याला अर्थ नाही. आणि लघवी करतानाचा फोटो हवाच. नळी काढून मुलाला बाथरूमला पाठवलं आणि परतल्यावर फोटो घेतला, तर लघवीच्या क्षणीच येणारा रिफ्लक्स निसटतो. मुलग्यांत मूत्रमार्गातला पडदा, म्हणजे पोस्टीरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह, हाही तिथेच चुकतो. ज्या मुलग्याची धार बारीक आहे, जोर लावावा लागतो, पोटात पिशवी हाताला लागते, त्याच्यात रिफ्लक्स हा परिणाम असतो. आधी पडदा काढावा लागतो.

नमुना_घर

लॅबमधून. सगळं निदान ज्या कल्चरवर (लघवीतले जंतू उगवून बघण्याच्या तपासणीवर) उभं राहतं तो नमुनाच बऱ्याचदा बाद असतो.

१. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी नमुना. एक डोस गेला तरी जंतू बऱ्याचदा उगवत नाहीत.
२. चिकटपिशवीतली लघवी कल्चरला चालत नाही, त्वचेवरचे जंतू येतात. तिच्यात काही नाही निघालं तर तेवढंच उपयोगी.
३. तान्ह्या बाळाचा धरायचा असेल तर जागा साध्या पाण्याने धुवा, थंड पाण्यात भिजवलेल्या कापसाने ओटीपोटावर गोल-गोल चोळत राहा, दुसऱ्याने निर्जंतुक डबी उघडून तयार राहायचं. पाच मिनिटांत काही बाळांची होते. पहिली धार सोडा. नाहीच झाली आणि ताप जास्त असेल तर दवाखान्यात नळीने घेतात, त्याला नाही म्हणू नका.
४. तासाभरात लॅबमध्ये. कणकुंबी, जांबोटीकडून ते जमत नाही. मग डबी प्लास्टिकच्या पिशवीत, ती बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये. गोठू द्यायची नाही, थंड ठेवायची. साधारण ४ अंशावर २४ तास चालते. एसटीत खिडकीजवळ चार तास ठेवलेल्या नमुन्यात जंतू वाढतात आणि नसलेला संसर्ग दिसतो.

'तीन प्रकारचे जंतू उगवले' असा रिपोर्ट आला तर तो संसर्ग नव्हे, गढूळ नमुना. पुन्हा द्या.

आता क्रिएटिनिन. छापील रिपोर्टवरची मर्यादा बऱ्याचदा मोठ्या माणसांची असते. ११० सेमी उंचीच्या मुलाचं ०.८ आलं की शेजारी 'नॉर्मल' छापलेलं असतं. किडनी किती गाळते याचा अंदाज करून बघा: उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. ४५.४ भागिले ०.८, म्हणजे ५७ च्या आसपास. दोन वर्षांवरच्या मुलाला ९० च्या वर हवं. म्हणजे हे मूल किडनीच्या आजाराच्या स्टेज ३ मध्ये आहे आणि कागदावर खूण नाही! रक्त देताना मुलाची उंची मोजून पाठीमागे लिहून ठेवा.

तवंदी_घाट

हे उंचीचं गणित पहिल्यांदाच कळलं. डोक्यात ठेवतो.

जांबोटी_सिस्टर

तापाचं एक सांगते, कारण इकडे पावसाळ्यात प्रत्येक तापाला 'सर्दीचा आहे' म्हणतात. रिफ्लक्स माहीत असलेल्या मुलाला ३८ अंशांच्या वर ताप आला, घसा-नाक स्वच्छ आहे, तर त्याच दिवशी लघवी तपासा. उपचाराला ४८ ते ७२ तासांपेक्षा उशीर झाला की व्रणाचा धोका वाढतो. दोन-तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी औषध नकोच, भरती. तान्ह्या बाळात जळजळ वगैरे काही कळत नाही. दूध टाकणं, उलट्या, वजन न वाढणं, एवढंच दिसतं.

तापाला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड नको, उलट्या-जुलाब होत असताना तर अजिबात नको, कोरड्या पडलेल्या किडनीला ती मारक आहेत. मेडिकलमधून मिळणाऱ्या तापाच्या काही सिरपमध्ये दोन औषधं मिसळलेली असतात, बाटलीवर नाव वाचा.

दुसरं, पोट साफ आहे का हे कुणी विचारतच नाही. बद्धकोष्ठ झालेल्या मुलाचा भरलेला गुदाशय पिशवीला मागून दाबतो. लघवी पूर्ण सुटत नाही, उरलेल्यात जंतू वाढतात, पिशवीतला दाब चढतो. मुलगी खेळता खेळता एकदम उकिडवी बसून टाचेवर दाबून धरते, चड्डी ओलसर राहते, ही लक्षणं ओळखा. अशा मुलात रिफ्लक्स लवकर जात नाही आणि ऑपरेशननंतरही संसर्ग होत राहतो. आधी पोट आणि सवय दुरुस्त करा.

दर दोन-तीन तासांनी घड्याळ बघून लघवीला, लागली की नाही हे विचारायचं नाही. मुलीने पाय टेकवून, गुडघे लांब ठेवून बसायचं. भारतीय संडासात ते नीट होतं, कमोडवर असेल तर पायाखाली पाट ठेवा. झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा एकदा करायला लावा. शौचासाठी पेरू, पपई, मूग, भाजी, भाकरी, पाणी. जुनाट असेल तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड, रोज किलोमागे ०.४ ते ०.८ ग्रॅम, आणि ती महिनोन् महिने चालते. दोन दिवस पोट साफ झालं म्हणून बंद केली की पुन्हा पहिल्यासारखं.

हिडकल_२२

अक्का, शाळेत मुली पाणीच पीत नाहीत, संडास घाण म्हणून. त्याचं काय करायचं?

जांबोटी_सिस्टर

डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मुख्याध्यापकांना अर्ज द्या: मधल्या दोन्ही सुट्ट्यांत आणि मागेल तेव्हा सोडावं, शिक्षकांच्या संडासाची चावी द्यावी. तोंडी सांगितलेलं नवीन बाई आल्या की विसरलं जातं. लेखी अर्ज टिकतो.

बीपीचंही आताच. व्रण असलेल्या मुलांत वाढलेलं बीपी हे किडनी पुढे झिजवणारं मोठं कारण आहे, आणि ते दिसत नाही. लहान मुलाला मोठ्यांचा पट्टा बांधला तर आकडा खोटा कमी येतो. पट्ट्याच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के हवी. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं, उजवा दंड, काळजाच्या पातळीला. पाच वर्षांच्या मुलात १०३-१०४ वर ६३-६४ च्या पुढे आलं की पुन्हा मोजून डॉक्टरांना दाखवायचं. मोठ्या माणसांच्या १२०/८० शी तुलना करून 'छान आहे' म्हणू नका.

सदलगा_रोड

रोजचं अँटिबायोटिक वर्षानुवर्षं द्यायचं, हे पटत नाही. जंतू निर्ढावतात. गोखरू-पुनर्नव्याचा काढा देऊन बरेच जण सुधारतात.

मार्कंडेयकाठ

तुमच्या आक्षेपातला निर्ढावण्याचा भाग खरा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या रिवर चाचणीत रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांना दोन वर्षं कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक किंवा बिनऔषधी द्रव दिला. औषधाने पुन्हा होणारे संसर्ग साधारण निम्म्यावर आले, पण नवे व्रण दोन्हीकडे सारखे होते, आणि औषध घेणाऱ्यांना संसर्ग झाला तर तो निर्ढावलेल्या जंतूचा असण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून सरसकट सगळ्यांना देत नाहीत. ग्रेड ३ ते ५, वारंवार तापाचे संसर्ग, पिशवी-पोटाची सवय बिघडलेली, इथे फायदा जास्त. ग्रेड १-२ आणि मोठं मूल असेल तर नुसती नजर ठेवणं रास्त आहे.

द्यायचं तर नीट द्या. कोट्रायमॉक्साझोलचा डोस त्यातल्या ट्रायमेथोप्रिम या घटकाच्या हिशोबाने किलोमागे २ मिग्रॅ, रात्री झोपण्याआधी लघवी झाल्यावर, एकदाच. नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत ४० मिग्रॅ असतं, म्हणजे १० किलोच्या मुलाला अडीच मिली. सुईविना सिरिंजने मोजा, चमच्याने नाही. मूल १४ किलोचं झालं तरी अडीच मिलीच चालू, असं खूप ठिकाणी घडतं, म्हणून दर तीन महिन्यांनी वजन करा. पहिल्या सहा-आठ आठवड्यांच्या बाळाला हे औषध देत नाहीत, तिथे सेफालेक्सिन वापरतात. नायट्रोफ्युरँटोइन प्रतिबंधाला चालतं पण तापाच्या संसर्गाला नाही, ते किडनीच्या गाभ्यात पुरेसं पोचत नाही. मूल ठणठणीत असताना दर महिन्याला कल्चर करून त्यात काही आलं की औषध, हेही करू नका. निर्ढावलेले जंतू तसेच तयार होतात.

काढ्याने बोगदा लांबत नाही. 'काढ्याने गेला' म्हणतात त्यातले बरेच ग्रेड १-२ असतात, ते आपोआपच गेले असते. भस्म घातलेली औषधं मुलांना अजिबात नकोत, जड धातू किडनीतच साठतात. काढ्याच्या नादात तापातला कल्चर आणि औषध चुकलं तर मात्र नुकसान कायमचं होतं, म्हणून एवढं स्पष्ट लिहितोय.

सदलगा_रोड

ग्रेड १-२ चं पटलं. मग ऑपरेशन कुणाला?

मार्कंडेयकाठ

औषध नियमित चालू असूनही तापाचे संसर्ग होत असतील, नवे व्रण पडत असतील, किंवा ग्रेड ४-५ वय वाढूनही हलत नसेल तर. वाहिनी पुन्हा लांब बोगद्यात बसवण्याचं ऑपरेशन शंभरात ९५ च्या वर यशस्वी होतं. दुर्बिणीतून वाहिनीच्या तोंडाशी जेलीचं इंजेक्शन देतात, त्यात टाके नाहीत आणि मूल लवकर घरी जातं, पण यश कमी, मोठ्या ग्रेडमध्ये आणखी कमी. कधी दुसऱ्यांदा द्यावं लागतं. जेली महाग आहे, आधी खर्च लेखी विचारा.

दोन्ही किडन्यांत व्रण असलेल्या मुलांवर मोठं होईपर्यंत नजर हवी, रिफ्लक्स गेला तरी. राहिलेल्या गाळण्यांवर जादा भार पडतो, त्या हळूहळू कडक होतात, आणि लघवीत प्रथिन दिसायला लागतं. वर्षातून एकदा सकाळच्या पहिल्या लघवीत प्रथिन-क्रिएटिनिन प्रमाण करा, ०.२ च्या खाली हवं. वाढलं तर एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी लागते. रॅमिप्रिल देऊन बीपी आणखी खाली ठेवल्याने मुलांच्या किडनीची घसरण मंदावते, हे २००९ च्या एस्केप चाचणीत दिसलं. ही गोळी आणि कोट्रायमॉक्साझोल एकत्र असतील तर रक्तातलं पोटॅशियम तपासत राहा, आणि किडनीचं काम बरंच कमी झालेलं असेल तर शहाळ्याचं पाणी (त्यातही पोटॅशियम असतं) डॉक्टरांना विचारून. उंची खुंटली, मूल सारखं पाणी मागतं, रात्री लघवीला उठतं, तर बायकार्बोनेटही बघा. रक्तातली आम्लता वाढली की हाडांची वाढ थांबते.

तवंदी_घाट

खर्चाचं कुणी सांगेल का? योजनेत बसतं?

जांबोटी_सिस्टर

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये खाजगी दवाखान्यात जायचं तर आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती न घेता थेट भरती झालात तर पैसे अडकतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावला बीम्समध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) जाऊन घ्या. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही फाईल दाखवा, ते पुढे पाठवतात. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले योजना जाहीर केली होती. कोल्हापूर-मिरजेकडे जाणार असाल तर त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तुमच्या गावासाठी ती आज लागू आहे का, आणि कोणता दाखला लागतो, हे आधी फोनवर विचारा.

हिडकल_२२

शेवटचं एक. मोठीला रिफ्लक्स आहे. धाकटा आठ महिन्यांचा, त्याला काहीच त्रास नाही. त्याचीही एमसीयू करून घ्यायची का?

छायाकक्ष

लगेच नाही. सख्ख्या भावंडांत साधारण चारात एकाला रिफ्लक्स सापडतो, पण बहुतेकांचा हलका असतो. आधी सोनोग्राफी करा, पोट भरलेलं-रिकामं काहीही चालेल, लघवीची पिशवी भरलेली असली तर बरं. दोन्ही किडन्या वयाप्रमाणे आहेत, सूज नाही, तर नळी घालायची गरज नाही. सूज दिसली, एक लहान निघाली, किंवा एकदा जरी लघवीच्या संसर्गाचा ताप आला, तर मग एमसीयू. मुलगा आहे, तेव्हा धार कशी पडते तेही आजच बघून ठेवा.